कामठीतला कॉम्प्युटर पुण्यातून चालवायचाय? मग दार कोणाला उघडायचं, तेही शिकून घ्या

"बाबा, स्क्रीनवर काय दिसतंय?"
"काही नाही गं, नुसतं गोल गोल फिरून राहिलं."

आईवडील कामठीत, लेक पुण्यात किंवा बंगळुरूत, हे आता घरोघरचं चित्र आहे. कधी पेन्शनचा फॉर्म अडतो, कधी प्रिंटर रुसतो. फोनवर अर्धा तास "उजव्या कोपऱ्यात बघा" करून दोन्ही बाजू वैतागतात. यावर उपाय म्हणजे रिमोट ॲक्सेस. लेकीनं पुण्यात माऊस हलवायचा आणि कामठीत बाण सरकायचा.

आता दुसरी गोष्ट ऐका. नोव्हेंबर 2021 मध्ये नागपूरजवळच्या कोराडीत 15 वर्षांचा एक मुलगा वडिलांचा मोबाईल वापरत होता. अनोळखी नंबरवरून फोन आला. समोरच्यानं आपण डिजिटल पेमेंट कंपनीचे प्रतिनिधी आहोत असं सांगितलं आणि वडिलांच्या खात्याची क्रेडिट लिमिट वाढवून देतो म्हणून एक ॲप टाकायला लावलं. मुलानं ते टाकलं. थोड्याच वेळात वडिलांच्या खात्यातून जवळपास 9 लाख रुपये गेले.

ते ॲप म्हणजे व्हायरस नव्हता, तेही रिमोट ॲक्सेसचंच सॉफ्टवेअर होतं. म्हणजे लेक मदत करते ते साधन आणि चोर घरात घुसतो ते साधन एकाच जातीचं. म्हणून ते कसं चालतं, हे नीट समजून घेऊ.

आधी घरातलं कनेक्शन

कॉम्प्युटर राउटरला दोन प्रकारे जोडता येतो, लॅन केबलनं किंवा वाय-फायनं. कॉम्प्युटर एकाच जागी असेल तर केबल बरी, कारण भिंतींमुळे तिचा सिग्नल कमी होत नाही.

राउटरला दोन पासवर्ड असतात, हे अनेकांना माहीत नसतं. एक वाय-फायचा, जो आपण पाहुण्यांना देतो. दुसरा राउटरच्या सेटिंगचा. हा दुसरा बऱ्याचदा कंपनीनं दिलेलाच राहतो. तो आधी बदला. वाय-फायची सुरक्षा डब्ल्यूपीए2 किंवा डब्ल्यूपीए3 वर ठेवा.

मग विंडोजच्या 'नेटवर्क अँड इंटरनेट' सेटिंगमध्ये जा. तिथे नेटवर्क 'प्रायव्हेट' आहे की 'पब्लिक', हे दिसतं. घरच्या नेटवर्कवर फाइल किंवा प्रिंटर शेअर करायचा असेल तर प्रायव्हेट. रेल्वे स्टेशन, हॉटेल, कॅफे इथे कायम पब्लिक, कारण त्यात तुमचा कॉम्प्युटर शेजारच्या अनोळखी कॉम्प्युटरपासून लपून राहतो.

तिथेच 'आयपीव्ही4 ॲड्रेस' दिसेल. घरी तो बहुतेक वेळा 192.168 नं सुरू होतो. 169.254 नं सुरू होत असेल तर कॉम्प्युटरला राउटरकडून पत्ताच मिळालेला नाही. राउटर बंद करून पुन्हा सुरू करा, केबल तपासा.

मग पुण्यातून थेट का जोडता येत नाही?

192.168 चा पत्ता म्हणजे नुसता खोली क्रमांक. 'खोली नंबर 5' एवढंच लिहून पत्र टाकलं तर पोस्टमन कुठे जाणार? तसा क्रमांक लाखो घरांत आहे. बाहेरच्या जगाला दिसतो तो इंटरनेट कंपनीचा सार्वजनिक पत्ता. जुन्या आयपीव्ही4 पद्धतीत असे पत्ते जगभरात मिळून जेमतेम 429 कोटी. ते पुरत नाहीत, म्हणून अनेक कंपन्या एकच सार्वजनिक पत्ता बऱ्याच ग्राहकांत वाटून देतात.

यावर रिमोट ॲप्सनी तोड काढली. दोन्ही कॉम्प्युटर स्वतःहून बाहेर पडून ॲप कंपनीच्या सर्व्हरवर येतात आणि तिथे त्यांची गाठ घालून दिली जाते. त्यामुळे राउटरमध्ये काही बदलावं लागत नाही.

तीन मार्ग

*पहिला, क्विक असिस्ट.* समोर माणूस बसलेला असताना मदत करायची असेल तर हा सगळ्यात सोपा. विंडोज 10 आणि 11 साठी हे मायक्रोसॉफ्टचंच ॲप आहे. कंट्रोल, विंडोज आणि क्यू ही बटणं एकदम दाबली की उघडतं. लेक आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यानं लॉग-इन करून कोड काढते, बाबा तो टाकतात आणि परवानगी देतात. कोड थोड्या वेळात बाद होतो. काम झालं, खिडकी बंद केली की दारही बंद.

*दुसरा, क्रोम रिमोट डेस्कटॉप.* घरी कोणी नसताना स्वतःच्या कॉम्प्युटरवरची फाइल हवी असेल तर हा. गुगल खातं आणि किमान 6 आकडी पिन लागतो. गुगल खात्याला टू-स्टेप व्हेरिफिकेशन लावल्याशिवाय हा वापरू नका. आणि कॉम्प्युटर झोपलेला असेल तर तो हाकेला ओ देणार नाही, त्यामुळे पॉवर सेटिंगमध्ये 'स्लीप' बंद ठेवा. लाइट जात असेल तर राउटरलाही इन्व्हर्टरवर घ्या.

*तिसरा, विंडोजचं रिमोट डेस्कटॉप.* ज्या कॉम्प्युटरवर जायचं त्यावर विंडोज प्रो लागतं, होम आवृत्तीत ही सोय नाही. हे 3389 क्रमांकाच्या पोर्टवरून चालतं. राउटरमध्ये हा पोर्ट बाहेरच्या जगाला उघडा करण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. मे 2019 मध्ये या सेवेत 'ब्लूकीप' नावाची इतकी गंभीर त्रुटी सापडली होती, की मायक्रोसॉफ्टला सपोर्ट बंद केलेल्या विंडोज एक्सपीसाठीसुद्धा दुरुस्ती काढावी लागली. बाहेरून वापरायचंच असेल तर व्हीपीएनमधून वापरा.

दार कोणाला उघडायचं?

नियम एकच: फोन कोणी कोणाला केला? तुम्ही लेकीला केला असेल तर ठीक. कोणी स्वतःहून फोन करून बँक, वीज बिल किंवा केवायसीचं नाव काढत ॲप टाकायला सांगत असेल तर फोन ठेवा. अशा ॲपमधून समोरच्याला तुमची स्क्रीन दिसते, म्हणजे त्यावर आलेला ओटीपीसुद्धा. "मी ओटीपी कोणाला सांगितलाच नाही" हे खरं असूनही पैसे जातात ते असे. रिझर्व्ह बँकेनं फेब्रुवारी 2019 मध्येच एनीडेस्कच्या अशा गैरवापराबद्दल बँकांना सावध केलं होतं.

घरच्या मदतीतही एक शिस्त पाळा. जोडणी चालू असताना बँकेची साइट उघडायची नाही. कामापुरतं टाकलेलं ॲप काम झालं की काढून टाकायचं.

चूक झालीच तर?

आधी इंटरनेट तोडा. केबल काढा, वाय-फाय आणि मोबाईल डेटा बंद करा. मग दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवून खातं आणि कार्ड थांबवा. लगेच 1930 या राष्ट्रीय हेल्पलाइनवर तक्रार करा. ती सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन वरही नोंदवता येते. पासवर्ड बदला, पण दुसऱ्या उपकरणावरून.

घाई यासाठी, की पैसा पुढच्या खात्यांत फिरायच्या आत गोठवता आला तरच तो परत मिळण्याची आशा राहते. शिवाय रिझर्व्ह बँकेच्या 6 जुलै 2017 च्या परिपत्रकानुसार ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळे पैसे गेले, तरी बँकेला कळवल्यानंतर होणारं नुकसान बँकेचं असतं. म्हणून लाजेपोटी गप्प बसू नका.

आणि हे फक्त आईबाबांना सांगून थांबू नका. कोराडीत तो फोन 15 वर्षांच्या मुलानं उचलला होता.