निरोपानंतरची जबाबदारी

बारावीचा निकाल लागतो, वसतिगृहातील मुले सामानाची बांधाबांध करून निरोप घेतात आणि आपले कर्तव्य पूर्ण झाले, अशी आपली समजूत होते. अनुभव मात्र निराळा आहे. वर्गात हुशार गणली गेलेली काही मुले दिवाळीच्या सुटीत घरी येतात, ती महाविद्यालयात परत जातच नाहीत. बुद्धी उणी पडली म्हणून हे घडत नाही. उंबरठा ओलांडताना हात सुटला म्हणून घडते.

अकरावी-बारावीस आपण 'कनिष्ठ महाविद्यालय' म्हणतो. परंतु नाव महाविद्यालयाचे असले तरी जीवन शाळेचेच असते. घंटा उठविते, शिक्षक वही तपासतात, परीक्षा मंडळ घेते. पुढे सत्रपद्धती, श्रेयांक, विषयांची निवड आणि अनेक शाखांत इंग्रजी माध्यम, हे सारे एकदमच अंगावर येते. म्हणून विद्यापीठीय शिक्षणाची ओळख बारावीतच व्हावयास हवी. जवळच्या महाविद्यालयाचे ग्रंथालय पाहावे, एखादे व्याख्यान ऐकून स्वतः टिपणे काढावीत, इंग्रजी पाठ्यग्रंथाचे एक प्रकरण शब्दकोश हाती घेऊन वाचावे.

दुसरी बाब कागदपत्रांची. व्यावसायिक अभ्यासक्रमातील राखीव जागेसाठी जात वैधता प्रमाणपत्र लागते आणि ते ऐनवेळी हाती येत नाही. अनुसूचित जाती व नवबौद्ध कुटुंबांना १० ऑगस्ट १९५० पूर्वीचे पुरावे शोधावे लागतात. आजोबांचा शाळेचा दाखला काढण्यातच महिने जातात. म्हणून ही तयारी अकरावीतच सुरू करावी. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटी संकेतस्थळावर दरवर्षी करावा लागतो, हे विसरू नये. शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या पात्र विद्यार्थ्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. मात्र शिष्यवृत्तीची रक्कम जमा होईपर्यंत खानावळ थांबत नाही. तेवढ्या महिन्यांची तजवीज आधीच झाली पाहिजे.

तिसरी आणि सर्वांत मोठी गरज माणसाची. १९०७ साली भीमराव आंबेडकर मॅट्रिक झाले, तेव्हा कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजींनी त्यांचे कौतुक केले आणि तेथेच न थांबता पुढेही लक्ष ठेवले. महाविद्यालयीन शिक्षण पैशाअभावी अडू लागले, तेव्हा त्यांनीच सयाजीराव गायकवाड महाराजांकडे शब्द टाकला. दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली आणि १९१२ साली बाबासाहेब बी. ए. झाले. प्रज्ञा बाबासाहेबांची स्वतःची होती. पण ऐन वळणावर कोणीतरी सोबत उभे होते.

अशी सोबत आपणही देऊ शकतो. प्रत्येक माजी विद्यार्थ्याने एका नव्या विद्यार्थ्याची जबाबदारी पहिल्या सत्राच्या निकालापर्यंत घ्यावी. आठवड्यातून एकदा दूरध्वनी करावा आणि "जेवलास का? तास समजतात का? अर्ज भरलास का?" एवढेच विचारावे. शाळेने दिलेला निरोप म्हणजे जबाबदारीतून मुक्तता नव्हे, एवढे आपण ध्यानात ठेवले, तरी दिवाळीनंतर महाविद्यालयाकडे परतणाऱ्या मुलांची संख्या निश्चित वाढेल, असा आम्हांस विश्वास वाटतो.