पहाटे साडेचारचं रक्त

डिस्चार्ज कार्ड कसं वाचायचं, हे या आठवड्यात सांगणार होते. ते पुढे ढकलते आहे. गेल्या लेखानंतर साताऱ्याच्या एका वाचक भगिनींचं पत्र आलं आणि त्यातला प्रश्न माझ्या फार जिव्हाळ्याचा निघाला. त्यांचे वडील न्यूमोनियासाठी दाखल होते. रोज पहाटे साडेचारला दिवा लागायचा, दंडाला पट्टा आवळला जायचा आणि रक्त काढलं जायचं. आजाऱ्याला झोप हवी असं सगळेच म्हणतात, मग ही वेळ कोणी ठरवली, असं त्या विचारतात.

ती ठरवली राउंडने. मोठे डॉक्टर नऊच्या सुमारास राउंडला येतात आणि तेव्हा त्या दिवसाचा रिपोर्ट केसपेपरला लागलेला असावा लागतो. आता तिथून मागे मोजत या. लॅबला वेळ हवा. त्याआधी बाटल्यांवर नावं लिहायची, फॉर्म भरायचे, वॉर्डातल्या मामांनी ते सगळं लॅबपर्यंत न्यायचं. रात्रपाळीच्या सिस्टरला सकाळी ओव्हर द्यायचं असतं, म्हणजे पुढच्या पाळीला एकेक रुग्ण समजावून सांगायचा. त्याच्या आत टीपीआर (म्हणजे ताप, नाडी, श्वास बघणं), इंजेक्शनं, स्पंजिंग, चादरी. वॉर्ड भरलेला आणि सिस्टर एक, फार तर दोन. पहिल्या खाटेपासून सुरुवात केली तर त्या खाटेवरच्या माणसाच्या वाट्याला साडेचार येतात. यात कोणी आळशी नाही, कोणी निष्ठुर नाही. पण त्या वडिलांच्या फुप्फुसांना साडेचारशी काही देणंघेणं नव्हतं. सहा वाजता काढलेल्या रक्तानेही त्यांच्याबद्दल तेच सांगितलं असतं.

मी नर्सिंगच्या मुलींना शिकवायचे तेव्हा त्यांना एका रुग्णाची एक रात्र कागदावर मांडायला सांगायची. किती वाजता कोणी उठवलं आणि कशासाठी, एवढंच. दहाला गोळ्या. बाराला सहा तासांनी द्यायचं अँटिबायोटिक. दोनला बीपी. तीनच्या सुमाराला सलाईन संपलं म्हणून खाटेशेजारी चटईवर आडवा झालेला मुलगा धावत सिस्टरकडे गेला. मध्येच शेजारच्या खाटेवर नवा पेशंट आला, ट्रॉली, दिवे, चार नातेवाईक. साडेचारला रक्त, पाचला स्पंजिंग, सहाला इंजेक्शन. झोपेचं एक आवर्तन साधारण दीड तासाचं असतं आणि गाढ झोपेचा मोठा वाटा रात्रीच्या पहिल्या भागात येतो. म्हणजे बाराचं इंजेक्शन नेमकं सगळ्यात मोलाच्या झोपेवर पडतं. मुली कागद भरून आणायच्या आणि स्वतःच गप्प व्हायच्या. प्रत्येक काम बरोबर केलेलं असायचं. फक्त ती सगळी कामं एकाच माणसावर होत आहेत, हे कोणाच्याही नोंदीत नसायचं.

फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी 1859 मध्ये ‘नोट्स ऑन नर्सिंग’ लिहिलं, त्यात आवाजावर एक स्वतंत्र प्रकरण आहे. नर्सिंग करणाऱ्याने ते दरवर्षी एकदा वाचावं असं मला वाटतं. त्यांचं निरीक्षण असं की रुग्णाला नुकती झोप लागलेली असताना उठवलं तर त्याची बाकीची रात्र बहुधा गेलीच. काही तास झोप झाल्यावर उठवलं तर तो पुन्हा झोपण्याची शक्यता पुष्कळ जास्त. मोठ्या आवाजापेक्षा दाराबाहेरची कुजबुज रुग्णाला जास्त छळते, कारण ती आपल्याबद्दलच आहे असं त्याला वाटत राहतं, हेही त्यांनी टिपलं आहे. त्या काळच्या परिचारिकांच्या घेरदार, सळसळणाऱ्या पोशाखावर तर त्या चांगल्याच कडाडल्या आहेत. आज पोशाख बदलला आणि त्या जागी मॉनिटरचे अलार्म आले, मोबाइलच्या रिंग आल्या. आपल्याकडे रुग्णालयाभोवती शंभर मीटरचं शांतता क्षेत्र असतं आणि रात्रीसाठी तिथली मर्यादा 40 डेसिबल आहे. वॉर्डाच्या आत रात्री 30 च्या आसपास आवाज असावा, असं जागतिक आरोग्य संघटनेने सुचवलं आहे. दोन माणसांचं साधं बोलणंच 60 च्या घरात जातं. नर्सिंग स्टेशनशेजारच्या खाटेवर रात्र काढलेल्यांना हे आकडे समजावून सांगावे लागणार नाहीत.

झोप म्हणजे थोडी सुखसोय, मिळाली तर बरी, असं समजणारे पुष्कळ भेटतात. त्यांना मी म्हाताऱ्या माणसांकडे बघायला सांगते. घरी पेपर वाचणारे, नातवाचा अभ्यास घेणारे आजोबा रुग्णालयात तिसऱ्या रात्री एकाएकी सलाईनची नळी उपसतात, मुलीला ओळखत नाहीत, भिंतीवर माणसं दिसतात म्हणतात. घरचे घाबरतात, वेड लागलं म्हणतात. वेड नव्हे, याला डेलिरियम म्हणतात. त्यामागे संसर्ग, औषधं, शरीरातलं पाणी कमी होणं अशी कारणं असतात आणि मोडलेली झोप त्यांत भर घालते. अमेरिकेत येल इथे डॉ. शॅरन इनूये यांनी सत्तरीच्या आणि त्यापुढच्या 852 रुग्णांवर केलेला अभ्यास 1999 मध्ये प्रसिद्ध झाला. नेहमीच्या पद्धतीने सांभाळलेल्या रुग्णांपैकी 15 टक्क्यांना डेलिरियम झाला, विशेष काळजी घेतलेल्यांपैकी 9.9 टक्क्यांना. आणि ही विशेष काळजी कसली? झोपताना गरम दूध किंवा काढ्यासारखा चहा, पाठ चोळून देणं, हळू संगीत, रात्रीच्या औषधांच्या आणि तपासण्यांच्या वेळा जुळवून घेणं. शिवाय दिवसा चालवणं, पुरेसं पाणी पाजणं, चष्मा आणि कानाचं यंत्र हाताशी ठेवणं. हा शेवटचा मुद्दा आपल्या घरांसाठी लाखमोलाचा आहे. हरवेल म्हणून आपण चष्मा घरी नेतो, कानाचं यंत्र कपाटात टाकतो आणि नीट न दिसणाऱ्या, नीट न ऐकू येणाऱ्या माणसाला अनोळखी खोलीत रात्र काढायला लावतो.

झोपेची गोळी मागणाऱ्यांना एवढंच सांगते की वृद्धांमध्ये याच गोळ्यांनी गोंधळ वाढतो आणि बाथरूमला जाताना माणूस पडतो. डॉक्टर हात आखडता घेतात ते त्यासाठी.

आता काय हलवता येतं ते बघू. आठ तासांनी द्यायचं औषध बहुतेक वॉर्डांत सहा, दोन, दहा अशा वेळांना देतात. ज्या कोणी ही घडी बसवली, त्यांनी मधली रात्र मोकळी ठेवली. लघवी होण्याची गोळी दिवसातून दोनदा असेल तर दुसरी दुपारीच घ्यायची असते. ती संध्याकाळी सातला दिली की रुग्ण रात्रभर बेडपॅन मागतो. बाराला इंजेक्शनसाठी उठवायचंच आहे तर बीपी, ताप त्याच वेळी बघता येतो, दोनला पुन्हा जायची गरज उरत नाही. ताप उतरलेल्या, चालत्याफिरत्या माणसाचं बीपी मध्यरात्री हवंच का, हे संध्याकाळच्या राउंडला विचारता येतं आणि डॉक्टरांनी केसपेपरवर तसं लिहिलं की सिस्टरचाही जीव मोकळा होतो. लिहिलं नाही तर तिला उठवावंच लागतं. तिच्या चार्टमध्ये रिकामा चौकोन चालत नाही.

जिथे उठवलंच पाहिजे तिथे मात्र मध्ये पडू नका. डोक्याला मार लागलेल्या माणसाला तासातासाला हलवून, नाव विचारून बघतात, कारण झोप आणि बेशुद्धी बाहेरून सारखीच दिसते. ऑपरेशननंतरची पहिली रात्र, रक्तातला जंतुसंसर्ग, बाळंतिणीचं वाढलेलं बीपी, इथेही तसंच. अंथरुणाला खिळलेल्याची कूस दोन तासांनी बदलली नाही तर पाठीला जखमा होतात.

साताऱ्याच्या ताईंना माझं उत्तर असं. रात्रपाळीची सिस्टर आली की लगेच नको, तिचा पहिला फेरा होऊ द्या. मग साध्या शब्दांत विचारा, “सिस्टर, बाबांचं आज रात्री काय काय आहे?” ती सांगेल. त्यातलं काही एकत्र होईल का, रक्त शेवटच्या फेरीत घेता येईल का, तेही विचारा. बऱ्याच जणी हो म्हणतात. खाटांचा क्रम उलटा करायला पैसे लागत नाहीत. सलाईन किती वाजता संपेल ते आधीच विचारून ठेवा आणि त्याच्या दहा मिनिटं आधी हळूच जाऊन सांगा. बाबांना लख्ख उजेड सोसत नसेल तर एक मऊ रुमाल डोळ्यांवर ठेवा. चष्मा मात्र उशीपाशी, हाताला लागेल असा.

डिस्चार्ज कार्ड पुढच्या आठवड्यात. घरात एखादं जुनं कार्ड असेल तर काढून ठेवा, समोर धरूनच वाचू.