नकाशावरचे अंतर आणि वाटेवरचे अंतर

‘मुंबईहून पुणे किती लांब?’ असा साधा प्रश्न चारचौघांत विचारून पाहा. एकजण म्हणेल सुमारे १२० किलोमीटर, दुसरा म्हणेल दीडशे, तिसरा सांगेल १९२. गंमत अशी की, तिघांचेही खरे! पहिल्याने नकाशावर पट्टी ठेवली, दुसरा मोटारीने गेला, तिसऱ्याने आगगाडीचे अंतर सांगितले.

पट्टीने मोजले ते हवाई अंतर. नकाशाचे प्रमाण दहा लाखांस एक असले, तर एक सेंटिमीटर म्हणजे १० किलोमीटर. मुंबई-पुणे साधारण १२ सेंटिमीटर भरते. पण पट्टीला खाडी दिसत नाही, डोंगरही दिसत नाही. वाटेला मात्र दोन्हींचा मान राखावा लागतो.

आगगाडीचेच पाहा ना. पुणे मुंबईच्या आग्नेयेस. पण गाडी आधी ठाण्याची खाडी ओलांडायला उत्तरेकडे निघते आणि ५४ किलोमीटर जाऊन कल्याण गाठते. तिथून ती पुण्याच्या दिशेला वळते. पुढे बोरघाट. कर्जतपेक्षा लोणावळे सुमारे साडेपाचशे मीटर उंच. गाडीला उभा चढ चढवत नाही. म्हणून १८६३ साली सुरू झालेल्या या घाटमार्गाचा सर्वांत तीव्र चढ ३७ फुटांना एक फूट असा आहे. आता हिशेब करा: साडेपाचशे मीटर चढायला याच चढाने २० किलोमीटर तरी धावायला हवे. नागमोडी वळणे आली ती अशी.

मोटाररस्त्यालाही पूर्वी ठाण्याचा वळसा होता. वाशीजवळ खाडीवर पूल झाला, १९७३ साली तो वाहतुकीस खुला झाला, आणि वळसा वाचला. मुंबई जागची हलली नाही, पुणेही हलले नाही. हवाई अंतर होते तेवढेच राहिले. वाटेचे अंतर मात्र माणसाच्या हातांनी कमी झाले.

तुम्ही म्हणाल, ही शहरांची गोष्ट. आमच्या गावाचा तिच्याशी काय संबंध? फार जवळचा संबंध आहे, बरं का! ओढ्यापलीकडच्या वस्तीवरून शाळेचे कौल दिसते. पट्टी म्हणते, अर्धा किलोमीटर. पण आषाढात ओढा भरला की साकवापर्यंत खाली जाऊन परत वर यायचे. पोराचे तीन किलोमीटर सहज होतात. दवाखान्याला निघालेल्या बाळंतिणीचेही तसेच.

म्हणूनच शिक्षणहक्काच्या कायद्याखाली केंद्र सरकारने २०१० साली केलेल्या नियमांत पहिली ते पाचवीसाठी एक किलोमीटर आणि सहावी ते आठवीसाठी तीन किलोमीटर, असे चालत जाण्याचे अंतर सांगितले आहे. पूर, दरडी किंवा रस्त्याचा अभाव असेल तिथे ही मर्यादा आणखी कमी करावी, असेही त्यांत आहे. तेव्हा ग्रामसभेत शाळेचा किंवा दवाखान्याचा प्रश्न निघाला आणि कोणी नकाशावर पट्टी ठेवली, तर शांतपणे विचारावे, “दादा, हे अंतर पाखराचे की पोराचे?”

गुरुजींना एक विनंती. गावचा नकाशा घ्या, त्यावर वाटेच्या वळणावळणाने ओला दोरा लावा, मग तो सरळ करून पट्टीवर मोजा. मुलांना दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहू द्या. त्या दोहोंत जो फरक उरेल, तोच आपल्या गावाला हवा असलेला रस्ता किंवा पूल.