पडद्यावरचा ‘वेडा’ आणि वर्गातला मुलगा

वसईत वाढलेल्या माझ्या पिढीला ‘ठाण्याला पाठवणे’ या शब्दप्रयोगाचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा अस्तित्वात आला, तोवर आपला जिल्हा ठाणेच होता. जिल्हाधिकारी कचेरी, जिल्हा परिषद, न्यायालय अशा अनेक कामांसाठी आपली माणसे ठाण्याची वाट तुडवीत असत. तरीही चारचौघांत कोणी ‘ह्याला आता ठाण्याला पाठवा’ असे म्हटले की सगळे हसत. कारण ठाणे म्हणजे तेथील १९०१ सालचे मनोरुग्णालय, हे गृहीतच असे. हसणाऱ्यांपैकी कोणीही त्या रुग्णालयाच्या फाटकाच्या आत पाऊल टाकलेले नव्हते. मीही नव्हते. तरी आत काय असते याचे चित्र प्रत्येकाजवळ तयार होते : विस्कटलेले केस, खदाखदा हसणे, गजांआडचे चेहरे, विजेचे झटके. हे चित्र आम्हांला कोणी दिले, असा प्रश्न इतिहासाच्या विद्यार्थिनीला पडावयास हवा होता. तो फार उशिरा पडला. उत्तर सोपे होते. ते सिनेमाने दिले होते.

आज ते काम प्रामुख्याने दूरचित्रवाणी करते, आणि तेही आपल्याच अंगणात. नायगाव पूर्वेला मालिकांचे सेट उभे राहतात. तेथे चालणाऱ्या कथांतील ठोकळे आपल्या घरांतील आजीलाही पाठ आहेत. डोक्यावर एक आघात झाला की स्मृती जाते, दुसरा झाला की परत येते. खलनायक चाकांच्या खुर्चीत बसतो आणि योग्य भागात उठून चालू लागतो. म्हणजे त्याचे अपंगत्वही कपटच ठरते. इस्टेटीसाठी सुनेच्या दुधात गोळ्या मिसळून तिला वेडी ठरवले जाते आणि मग कोणीतरी पांढऱ्या कपड्यांतली माणसे बोलावतो. मनोरंजनाला नावे ठेवण्याचा माझा हेतू नाही. मीही रात्री जेवताना हेच पाहते. परंतु मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ नुसार कोणाचाही आजार त्याच्या सामाजिक वा आर्थिक स्थानावरून, किंवा तो समाजाच्या रूढ कल्पनांप्रमाणे वागत नाही एवढ्यावरून ठरवता येत नाही, हे मालिका पाहणाऱ्या किती सुनांना ठाऊक असेल? याच कायद्याने भूल आणि स्नायू शिथिल करणारे औषध दिल्यावाचून विद्युत उपचार करण्यास मनाई केली आहे. हिंदी चित्रपटांत मात्र जागा असलेला, किंचाळणारा माणूस पट्ट्यांनी बांधून झटके दिले जातात. त्या दृश्याच्या भीतीने खरोखरीची गरज असलेला रोगी डॉक्टरकडे जात नाही.

आणखी एक गोंधळ सिनेमाने घट्ट केला आहे. स्किझोफ्रेनिया म्हणजे एका देहात दोन माणसे, अशी समजूत सुशिक्षितांतही आढळते. वस्तुतः त्या आजारात भास होतात, नसलेले आवाज ऐकू येतात, संशय बळावतो, विचारांची साखळी तुटते. दुसरे व्यक्तिमत्त्व संचारणे हा त्याचा अर्थ नव्हे. ‘भूल भुलैया’ (२००७) या लोकप्रिय चित्रपटात मनोविकारतज्ज्ञच उपचारासाठी मांत्रिकाच्या विधीची मदत घेतो. ज्या राज्यात भूत उतरवण्याच्या नावाखाली माणसांना मारहाण होते आणि त्याविरुद्ध २०१३ साली, डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा खून झाल्यानंतर, कायदा करावा लागला, त्या राज्यातील प्रेक्षकाला ही तडजोड फार महाग पडते.

मराठी चित्रपटाने मात्र या विषयात अभिमानाने सांगावे असे काही केले आहे. ‘चौकट राजा’ (१९९१) आमच्या तरुणपणीचा. संजय सूरकर दिग्दर्शक, स्मिता तळवलकर निर्मात्या आणि नायिका, दिलीप प्रभावळकरांचा नंदू. लहानपणीच्या अपघाताने बुद्धीची वाढ खुंटलेला हा प्रौढ मुलगा पाहून चित्रपटगृहात हुंदके ऐकू येत. मीही रडले होते. आज तो पाहताना जाणवते की आपण नंदूसाठी रडलो, त्याच्याबरोबर नव्हे. त्याला स्वतःचे काय हवे आहे, यापेक्षा त्याच्याकडे पाहून इतरांना काय वाटते, यावर कथेचा भर आहे. त्या काळाच्या मानाने तेही मोठेच होते. पुढे २०१४ साली महेश लिमये यांच्या ‘यलो’मध्ये डाउन सिंड्रोम असलेल्या जलतरणपटू गौरी गाडगीळ यांनी स्वतःची भूमिका स्वतःच केली. त्या चित्रपटाच्या इतर गुणदोषांची चर्चा येथे करीत नाही. पडद्यावर कोण दिसते, एवढा एकच फरक पुरेसा आहे.

सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचे काम याहून खोल आहे. भावे यांची पार्श्वभूमी समाजकार्याची. ‘बाई’ (१९८५) या लघुपटापासून त्यांनी चित्रपट हे समाजाशी बोलण्याचे साधन मानले. त्यांचा ‘देवराई’ (२००४) स्किझोफ्रेनियावर आहे. अतुल कुलकर्णींचा शेष कोकणातल्या देवराईत गुंतलेला आहे आणि त्याच्या मनातले रान हळूहळू त्याच्यावर पसरते. बहीण सीना त्याला सांभाळते, दमते, चिडते, अपराधी होते. आजारी माणसाच्या घरातल्या माणसाचे हे दमणे आमच्या सिनेमाने आधी क्वचितच दाखवले होते. औषध लागते आणि माणसेही लागतात, हे त्यात व्याख्यान न देता उमगते.

‘अस्तु’मध्ये (२०१३) डॉ. मोहन आगाशे, जे स्वतः मनोविकारतज्ज्ञ आहेत, संस्कृतचे निवृत्त प्राध्यापक चक्रपाणी शास्त्री झाले आहेत. स्मृतिभ्रंशाने त्यांचे ज्ञान, नाव, नाती एकेक करून गळत आहेत. मुलगी त्यांना मोटारीत बसवून क्षणभर बाहेर जाते, आणि ते रस्त्याने जाणाऱ्या एका हत्तीच्या मागे निघून जातात. माहुताची कन्नड बोलणारी बायको, चन्नम्मा, या अनोळखी म्हाताऱ्याला लेकरासारखे सांभाळते. तेही तिला आई समजतात. या भूमिकेसाठी अमृता सुभाष यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. शास्त्रीबुवा कोण, त्यांना काय काय पाठ होते, याच्याशी चन्नम्माला कर्तव्य नाही. भूक लागली आहे का, एवढेच ती पाहते.

मला हा चित्रपट अत्यंत प्रिय आहे, म्हणूनच त्याच्यापुढे एक प्रश्न ठेवावासा वाटतो. उद्या चन्नम्माच्या नवऱ्याची स्मृती गेली तर त्याला कोण सांभाळणार? त्याच्यावर चित्रपट कोण काढणार? शेष, शास्त्री आणि ‘कासव’मधला नैराश्याने ग्रासलेला, आत्महत्येचा प्रयत्न केलेला तरुण मानव, या तिघांनाही आसरा देणारे घर आहे. ‘कासव’मध्ये तर जानकी नावाची स्त्री ‘तू कोण, कुठला’ असे न विचारता त्याला समुद्राकाठच्या घरी नेते, आणि तेथे कासवांची अंडी जपली जातात तसे त्याला जपले जाते. ६४व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत सुवर्णकमळ मिळवणारा हा चित्रपट न विचारण्यातले औदार्य शिकवतो. पण समुद्राकाठचे घर सगळ्यांना नसते. नालासोपाऱ्याच्या चाळीत दहा बाय दहाच्या खोलीत जेव्हा एखादा मुलगा बोलणे बंद करतो, तेव्हा त्याला एकांत द्यावयाचा म्हणजे उरलेल्या चौघांनी कोठे जावयाचे? गरिबाचा मानसिक आजार मराठी पडद्यावर अजून नीट यावयाचा आहे. तो येतो तेव्हा बहुधा विनोदासाठी येतो, गावच्या वेड्याच्या रूपात.

अपवाद म्हणून ‘सैराट’ (२०१६) आठवतो. नागराज मंजुळे यांनी नायकाच्या मित्राच्या, प्रदीपच्या, भूमिकेसाठी तानाजी गलगुंडे या पायाने अधू असलेल्या तरुणालाच घेतले. मित्र त्याला ‘लंगड्या’ म्हणतात. हा शब्द कानाला बोचतो आणि गावात असेच बोलतात हेही खरे. पण या प्रदीपला चेष्टा करता येते, प्रेम करता येते, मित्रासाठी धावता येते. तो कोणाच्या करुणेचा विषय होत नाही.

शब्दांचा विषय निघालाच आहे. २०१६ च्या अपंग हक्क कायद्याने अपंगत्वाचे २१ प्रकार मान्य केले; त्यांत मानसिक आजार आला, वाचन-लेखनाशी निगडित अध्ययन अक्षमताही आली. त्याच सुमारास सरकारी व्यवहारात ‘दिव्यांग’ हा शब्द रूढ झाला. अपंगांच्या काही संघटनांनी त्यावर हरकत घेतली. मला येथे जानेवारी १९३८ ची आठवण होते. अस्पृश्यांना ‘हरिजन’ म्हणण्याच्या प्रश्नावरून बाबासाहेब आणि त्यांच्या स्वतंत्र मजूर पक्षाचे सदस्य मुंबई विधानसभेतून बाहेर पडले होते. गोड नाव इतरांनी ठेवावे आणि पाणवठा मात्र पूर्वीसारखाच बंद राहावा, यातली मेख त्यांनी ओळखली होती. ‘दिव्य’ म्हटल्याने जिन्याला उतरंड बांधली जात नाही.

८ जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिलेला एक निर्णय या दृष्टीने प्रत्येक शिक्षकाने समजून घ्यावा असा आहे. ‘आंख मिचोली’ या चित्रपटातील अपंगांच्या चित्रणाविरुद्ध निपुण मल्होत्रा यांनी, जे स्वतः अपंग आहेत, याचिका केली होती. सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या पीठाने चित्रपटावर कात्री चालवली नाही. मात्र चित्रणाची तत्त्वे घालून दिली. अपंगत्व समजून घेणारा विनोद वेगळा आणि अपंग माणसाला हिणवणारा विनोद वेगळा, असा भेद न्यायालयाने केला. हिणवणारे शब्द टाळावेत. सगळा दोष त्या व्यक्तीच्या शरीरात आहे आणि समाजाने उभे केलेले अडथळे जणू नाहीतच, असे सुचवणारी भाषाही टाळावी. आजाराची वैद्यकीय माहिती तपासून घ्यावी. आणि आमच्याविषयी जे ठरेल ते आम्हांला घेऊन ठरावे, हे अपंगांचे म्हणणे मान्य करावे. शेवटचा मुद्दा आपल्या चळवळीला नवा नाही.

आता ज्या चित्रपटाने मला व्यक्तिशः दोषी ठरवले त्याविषयी. ‘तारे जमीं पर’ डिसेंबर २००७ मध्ये आला. त्यातला ईशान अक्षरे उलटसुलट वाचतो, म्हणून शिक्षा म्हणून त्याला निवासी शाळेत धाडले जाते. निवासी शाळेत आयुष्य घालवलेल्या माझ्यासारखीला हे पाहताना वर्मी लागते. आमच्या मुलांसाठी निवासी शाळा ही शिक्षा नसते, बहुधा शिकण्याची एकमेव संधी असते. तेथे दोन वेळचे जेवण आणि दिव्याचा उजेड असतो. पण संधीची शिक्षा करण्याचे सामर्थ्य शिक्षकाच्या हाती असते, हे चित्रपटाने अचूक ओळखले आहे.

त्याच्या चारपाच वर्षे आधी, मी दुसऱ्या एका निवासी शाळेत शिकवीत असताना, सातवीत एक मुलगा होता. महाडच्या सत्याग्रहाची हकिकत तो तोंडी अशी सांगे की वर्ग स्तब्ध होई. लिहावयास बसला की १९२७ चे १९७२ होई आणि ‘महाड’चे ‘माहड’. मी वहीत तांबड्या शाईने ‘निष्काळजी’ असे लिहीत असे. शंभर-शंभर वेळा लिहून आणावयास लावत असे. मुले त्याला ‘येडा’ म्हणत, ते माझ्या कानांवर येई. मी कधी कोणाला अडवले नाही. आठवीनंतर तो आला नाही. पुढे वसतिगृहाच्या दूरदर्शन संचावर मुलांसोबत हा चित्रपट पाहताना, ईशानच्या वहीची पाने पडद्यावर आली तेव्हा, मी उठून बाहेर गेले.

चित्रपटाबद्दल माझी एक तक्रार राहिलीच. ईशान असामान्य चित्रकार निघतो आणि शेवटी सगळे टाळ्या वाजवतात. ज्याला चित्र काढता येत नाही, गाता येत नाही, पळता येत नाही, अशा साध्या मुलाचे काय? सन्मानासाठी त्याने आधी काही अलौकिक करून दाखवावे, ही अट कोणी घातली?

गेल्या वर्षी नालासोपारा स्थानकाबाहेर त्याने मला हाक मारली. आता त्याचे लोखंडी खिडक्या-दरवाजांचे वर्कशॉप आहे. “मॅडम, मापं मी लिहीत नाही, फोटो काढून ठेवतो,” तो हसत म्हणाला. मी त्याची क्षमा मागू लागले, तर त्याने विषय बदलला. त्याचा मुलगा तिसरीत आहे. त्याचेही तसेच होते आहे, आणि बाई म्हणतात लक्ष देत नाही. कोठे दाखवावे? मी त्याला शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयातील अध्ययन अक्षमतेच्या विभागाविषयी सांगितले. प्रमाणपत्र मिळाले की परीक्षेत वाढीव वेळ मिळतो, लेखनिक मिळतो, हे सांगितले. मुलगा फार खचला असेल तर १४४१६ हा टेली-मानसचा क्रमांक विनामूल्य आहे, ठाण्यात १९९० पासून मानसिक आरोग्यासाठी काम करणारी आय.पी.एच. ही संस्था आहे, हेही सांगितले. मग सवयीने पिशवीतून वही काढली आणि सगळे कागदावर उतरवू लागले. दोन ओळी झाल्यावर माझा हात थांबला. वही मिटली, त्याचा फोन नंबर घेतला, आणि तेथेच उभी राहून सगळी माहिती त्याला आवाजी संदेशात बोलून पाठवली.