प्रतिध्वनी ऐकून चालणारी मोटर

हवेतून आलेली ध्वनिलहर पाण्याच्या पृष्ठभागावर आदळली की तिची जवळपास ९९.९ टक्के ऊर्जा आल्या वाटेने परत फिरते. पाण्यात शिरतो तो हजारातला जेमतेम एक भाग. ध्वनीच्या वाटचालीला माध्यमाकडून होणारा विरोध पाण्यात हवेपेक्षा सुमारे साडेतीन हजार पट अधिक असतो, म्हणून असे होते. थोडक्यात, टाकीतले पाणी हा ध्वनीसाठी उत्तम आरसा आहे. वरची टाकी भरली की मोटर आपोआप बंद करणारी अल्ट्रासॉनिक यंत्रणा या एका गोष्टीवर उभी आहे.

तिची गरज किती, याचा हिशेब सोपा आहे. एक अश्वशक्तीची मोटर २० मीटर उंचीवर पाणी चढवते आहे आणि तिची एकूण कार्यक्षमता ५० टक्के आहे, असे धरू. मग मिनिटाला साधारण ११५ लिटर पाणी वर जाते. मोटर बंद करायला वॉचमनला अर्धा तास उशीर झाला, तर सुमारे साडेतीन हजार लिटर पाणी ओव्हरफ्लोच्या पाइपातून गटारात जाते. शहरात माणशी रोज १३५ लिटर पाणी लागते असे नियोजनात धरतात. म्हणजे २५ माणसांचे दिवसभराचे पाणी गेले, शिवाय ते वर चढवायला लागलेली वीजही.

या यंत्रणेतल्या सेन्सरचे मूळ जुने आहे. १८८० मध्ये ज्याक आणि पिएर क्युरी या भावांनी दाखवून दिले की, क्वार्ट्झसारख्या स्फटिकांवर दाब दिला तर वीज निर्माण होते. उलट, वीज दिली तर असा स्फटिक थरथरतो. पहिल्या महायुद्धात पॉल लांजव्हँ यांनी पाणबुड्यांचा माग काढण्यासाठी या गुणाचा उपयोग केला. आज त्याच तत्त्वावरचा छोटा सेन्सर काही शे रुपयांत मिळतो. टाकीच्या झाकणाला आतून बसवलेला हा सेन्सर ४० किलोहर्ट्झचा एक आखूड स्पंद खाली सोडतो. माणसाच्या कानाची मर्यादा २० किलोहर्ट्झ, त्यामुळे आपल्याला काही ऐकू येत नाही. पाणी एक मीटर खाली असेल तर प्रतिध्वनी सुमारे ५.८ मिलिसेकंदांनी परततो. वेळेला ध्वनीच्या वेगाने गुणायचे आणि दोनाने भागायचे, की अंतर मिळाले.

इथवर शाळेतले विज्ञान पुरते. खरी कसोटी पुढे आहे, कारण ध्वनीचा वेग स्थिर नसतो. १० अंश सेल्सियसला तो सेकंदाला सुमारे ३३७ मीटर असतो, तर ४५ अंशांना ३५७. समजा, नागपुरात जानेवारीतल्या पहाटे यंत्र जुळवले आणि मे महिन्यात भर दुपारी काळ्या प्लास्टिकच्या टाकीतली हवा ४५ अंशांवर गेली. आता प्रतिध्वनी लवकर परततो, म्हणून एक मीटर खाली असलेले पाणी यंत्राला ९४ सेंटिमीटरवर आहे असे वाटते. टाकी आहे त्यापेक्षा भरलेली दिसते आणि मोटर उशिरा सुरू होते. ही चूक अंतराच्या प्रमाणात असल्याने टाकी भरत आली की आपोआप लहान होत जाते. तरीही सेन्सरशेजारी तापमान मोजणारी एक चिप बसवून वेग दर वेळी नव्याने काढणे, हेच योग्य.

याहून धोकादायक चूक टाकी भरत आल्यावर होते. जलरोधक सेन्सरमध्ये स्पंद सोडणारी आणि ऐकणारी चकती एकच असते. स्पंद सोडल्यावर ती क्षणभर थरथरत राहते आणि तेवढा वेळ तिला काही ऐकू येत नाही. त्यामुळे बऱ्याच स्वस्त सेन्सरना २० ते २५ सेंटिमीटरच्या आतले पाणी कळतच नाही. पाणी त्याहून जवळ आले की पहिला प्रतिध्वनी हुकतो. पाणी आणि झाकण यांच्यात दोनदा फिरून आलेला प्रतिध्वनी मात्र ऐकू येतो आणि अंतर दुप्पट मोजले जाते. टाकी काठोकाठ भरलेली असताना यंत्र मोटर चालूच ठेवते! उपाय सुताराच्या पट्टीने मोजण्याइतका साधा आहे: ओव्हरफ्लोच्या पाइपापासून सेन्सर किमान ३० सेंटिमीटर वर येईल, असा झाकणाला उंचवटा करून घ्यायचा.

मोटर चालू करण्याची आणि बंद करण्याची पातळी एकच ठेवली तर पाण्याच्या लाटांबरोबर मोटर चालू-बंद करणारा कॉन्टॅक्टर सारखा खटखटत राहील. थेट स्टार्टरवर सुरू होणारी मोटर सुरुवातीला नेहमीच्या पाच ते सात पट करंट खेचते. असे वारंवार झाले की वाइंडिंग जळते. म्हणून ३० टक्क्यांना चालू आणि ९० टक्क्यांना बंद, असे अंतर ठेवतात. भरणीच्या पाइपाखाली पाणी उसळत असते. त्या जागेपासून सेन्सर लांब बसवावा आणि एका मोजणीवर विसंबू नये. सलग काही मोजण्या घेऊन त्यांतली मधली किंमत धरावी.

महाराष्ट्रातल्या शेतकऱ्यांना मोटर आपोआप चालू होणे नवे नाही. वीज आली की पंप सुरू करणारे ऑटोस्विच शिवारात जुनेच आहेत. वीज येताच सगळे पंप एकाच क्षणी सुरू होतात आणि रोहित्रावर ताण येतो. म्हणूनच महावितरण ते काढून टाकण्याचे आवाहन करत असते. ऑटोस्विचला फक्त वीज कळते, पाणी कळत नाही. पातळी पाहणारे यंत्र वीज आल्यावर काही मिनिटे थांबू शकते आणि गरज नसेल तर मोटर चालूच करत नाही. मोटर चालू असून दहा मिनिटांत वरची पातळी हलली नाही, तर खालची टाकी कोरडी आहे किंवा पाइप फुटला आहे, असे समजून ते मोटर बंद करते. कोरडी चालून सील खराब होण्यापासून मोटर वाचते ती अशी.

माझ्या मते चांगल्या यंत्राची ओळख ते किती अचूक मोजते यावरून होत नाही. मोजता येत नसेल तेव्हा ते काय करते, यावरून होते. तेव्हा सोसायटीत ही यंत्रणा बसवून घेताना पाण्यावर तरंगणारा जुना फ्लोट स्विच काढू नका, दुसरा पहारेकरी म्हणून राहू द्या. आणि बिल चुकते करण्याआधी मोटर चालू असताना मेकॅनिकला सेन्सरची वायर काढायला सांगा. मोटर काही सेकंदांत आपोआप बंद झाली, तरच पैसे द्या.