एका यंत्रातले दोन कारभारी

जमिनीची वाटणी कशी होते, हे शहापूर-मुरबाडच्या माणसाला शिकवावे लागत नाही. एकाच गटाचे पोटहिस्से पडतात, मध्ये बांध येतो, आणि विहिरीकडे जाणारी वाट मात्र दोघांची राहते. संगणकाच्या पोटातल्या डिस्कचेही असेच आहे. तिचे हिस्से पाडून एकात विंडोज आणि दुसऱ्यात लिनक्स अशा दोन कार्यप्रणाली नांदवता येतात. यंत्र सुरू होताच 'कोणाला बोलावू?' असे विचारणारा जो छोटा कार्यक्रम असतो त्याला ग्रब म्हणतात. तो लिनक्सबरोबर येतो, हे ध्यानात ठेवावे. पुढचा सारा घोटाळा त्यातूनच होतो.

दोहोंपैकी एकीला निरोप देण्याची वेळ का येते? विंडोज 10 ची नेहमीची मोफत दुरुस्ती 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपली. विंडोज 11 ला टीपीएम 2.0 ही सुरक्षेची सोय लागते, आणि ती पुष्कळ जुन्या यंत्रांत नाही. ज्याचे हात अजून चालतात त्याला वय दाखवून घरी बसवण्याची ही रीत आम्हा कामगार चळवळीतल्या माणसांना नवी नाही. म्हणून कोणी विंडोज काढून लिनक्स ठेवतो. उलट, ज्याच्या हिशेबाचा कार्यक्रम विंडोजवरच चालतो तो लिनक्स काढतो. निर्णय ज्याचा त्याने करावा. काढण्याची पद्धत मात्र नीट समजून घ्यावी.

कारण प्रश्न केवळ यंत्राचा नाही. वीटभट्टीवर जाणारे कातकरी कुटुंब पावसाळ्यानंतर उचल घेते आणि पुढच्या पावसाळ्याच्या तोंडाशी त्याचा हिशेब होतो. 1976 च्या कायद्याने वेठबिगारी बंद झाली; परंतु उचल फिटली की नाही, हे सांगायला कागद लागतो. तो कागद आज अनेक कार्यालयांत संगणकात असतो. चुकीचा हिस्सा पुसला गेला, तर मालकाची वही तेवढी शिल्लक उरते.

तेव्हा पहिले काम नकलेचे. सर्व दप्तर बाहेरच्या दोन ठिकाणी उतरवावे, आणि त्यातल्या चार-पाच फायली दुसऱ्या यंत्रावर उघडून पाहाव्यात. लिनक्सला विंडोजचा हिस्सा वाचता येतो, विंडोजला लिनक्सचा सहसा वाचता येत नाही; म्हणून लिनक्समधले दप्तर लिनक्स जिवंत असतानाच काढून घ्यावे. विंडोज काढणाऱ्याने आणखी एक पाहावे. श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटमधली मराठी पत्रे तो फाँट नसलेल्या यंत्रावर रोमन अक्षरांचा कचरा होऊन दिसतात. ती आधी युनिकोडमध्ये बदलून घ्यावीत. बिटलॉकरचे कुलूप असेल तर त्याची 48 अंकी किल्ली कागदावर उतरवून ठेवावी.

आता लिनक्स काढायचे झाल्यास आधी पहारेकरी बदलावा, मग घर पाडावे. जुन्या पद्धतीच्या यंत्रांत ग्रबचा थोडा भाग डिस्कच्या अगदी आरंभी आणि उरलेला लिनक्सच्या हिस्स्यात असतो. तो हिस्सा आधी पुसला, तर यंत्र दारातच अडते आणि विंडोज शाबूत असूनही उघडत नाही. म्हणून विंडोजच्या डिस्कवरून तिचा स्वतःचा आरंभ-कार्यक्रम प्रथम बसवावा. नव्या यंत्रांत सेटिंगमध्ये जाऊन विंडोज बूट मॅनेजरला पहिला क्रमांक द्यावा. नंतर डिस्क मॅनेजमेंटमध्ये लिनक्सचे हिस्से पुसावेत. त्यांना सी, डी असे अक्षर नसते. परंतु अक्षर नसलेला प्रत्येक हिस्सा लिनक्सचा नसतो! इएफआय नावाचा लहानसा हिस्सा ही ती सामाईक वाट. तिला आणि रिकव्हरीच्या हिस्स्याला हात लावू नये. मोकळी झालेली जागा विंडोजच्या हिस्स्याला उजवीकडून लागून असेल, तरच ती त्यात सहज मिळवता येते.

विंडोज काढायचे असेल तर पेनड्राइव्हवरून लिनक्स चालवून जीपार्टेडने तिचा हिस्सा पुसावा. त्या जागेत लिनक्सचा मूळ हिस्सा मागे सरकवण्याचा मोह टाळावा. त्या कामाला तास न् तास लागतात, आणि आपल्याकडे पावसाळ्यात वीज केव्हा जाईल याचा नेम नाही. मध्येच वीज गेली तर दोन्ही घरे बुडतात. त्यापेक्षा तेथे दप्तरासाठी वेगळा हिस्सा करावा आणि शेवटी ग्रबची यादी ताजी करावी.

हे काम अवघड नाही, क्रमाचे आहे. यंत्र उचलून आसनगावहून लोकलने वा मुरबाडहून एस.टी.ने कल्याणच्या दुकानात न्यावे लागले, तर एक दिवसाची मजुरी बुडते. गेलेले दप्तर मात्र कोणत्याही गाडीने परत येत नाही. म्हणून नक्कल तपासल्यावाचून कोणीही 'पुसा' या शब्दावर बोट ठेवू नये.