सरकत्या झाकणाची खाच



गेल्या पावसाळ्यात आपल्यापैकी काही जणांनी आम्हांला कळवले की, नाताळाच्या विक्रीत घेतलेल्या लाकडी पेटीचे झाकण आता सरकत नाही. एका आजींना तर आतली औषधे काढायला चाकू लावावा लागला. आम्ही त्या पेट्या परत मागवल्या आणि सुतारकामाच्या वर्गात मुलांसमोर एकेक सोडवून पाहिल्या. चूक मुलांची नव्हती, माझ्या शिकवण्यात होती. ती कोणती आणि यंदा काय बदलले, हे आपल्याला सांगणे माझे कर्तव्य आहे.

या पेटीला बिजागरी नसते. बाजूच्या दोन फळ्यांत आणि मागच्या फळीत आतून अरुंद खाच असते आणि झाकण तिच्यात सरकते. आमची खाच ४ मिलिमीटर रुंद व ५ मिलिमीटर खोल असते. पूर्वी ती पटाशीने कोरत. आता राउटरने पाडतो. राउटर म्हणजे मिनिटाला २५-३० हजार फेरे घेणारे छोटे पाते, ज्याला सगळे बिट म्हणतात. यंत्र वेगवान आहे म्हणून खाच आपोआप स्वच्छ येते, असा मुलांचा समज होता. थोडा माझाही.

परत आलेल्या पेट्यांच्या खाचेत बोट फिरवले तर कड मऊ, केसाळ लागत होती. आम्ही पूर्ण ५ मिलिमीटर एकाच फेरीत कापत होतो. ४ मिलिमीटरचा बिट बारीक असतो. एवढा भार पडला की तो थरथरतो, रेषे कापण्याऐवजी उपटतो. शिवाय अरुंद खाचेतून भुसा बाहेर पडायला जागा नसते. तोच भुसा पुन्हापुन्हा कापला जातो, बिट तापतो आणि लाकूड काळे पडते. सागवानात सिलिका असल्याने धार तशीही लवकर जाते.

आता आम्ही तीन फेऱ्या घेतो. पहिली फक्त १ मिलिमीटरची, कारण वरची कड तीच ठरवते. मग दोन-दोन मिलिमीटरच्या दोन. प्रत्येक फेरीनंतर ब्रशने खाच साफ. आडव्या रेषांवर खाच घ्यायची असेल तर आधी धारदार चाकूने दोन्ही कडांच्या रेघा ओढायच्या, म्हणजे रेषे तिथेच तुटतात आणि चिरफळी उडत नाही. जिथे बिट लाकडाबाहेर पडतो तिथे एक टाकाऊ तुकडा घट्ट लावून ठेवायचा. फुटायचेच असेल तर तो फुटेल.

यंत्र कोणत्या बाजूने ढकलायचे, हा प्रश्न मुलांना सर्वांत अवघड गेला. वरून पाहिले तर बिट घड्याळाच्या काट्यांसारखा फिरतो. त्यामुळे राउटर आपल्यापासून पुढे ढकलला की तो डावीकडे ओढ घेतो. फळीच्या कडेला टेकून चालणारे गाइड उजवीकडे असेल, तर हीच ओढ ते कडेवर दाबून धरते आणि खाच सरळ येते. गाइड डावीकडे असले की यंत्र कडेपासून सुटते आणि खाच सापासारखी वळते. यातून एक गंमत निघते. बाजूच्या फळ्यांची खाच मागच्या टोकाआधी थांबवावी लागते, नाहीतर पेटीच्या मागे भोक दिसते. पण उजवी-डावी फळी एकमेकींच्या उलट असतात. म्हणून एका फळीत मोकळ्या टोकापासून सुरू करून खुणेवर थांबायचे, तर दुसरीत खुणेवर बिट उतरवून बाहेर निघायचे. गोल राहिलेले टोक पटाशीने चौकोनी करायचे. ते अजून हातानेच होते, आणि व्हावे.

लहान तुकड्यावर राउटर डगमगतो, म्हणून आधी मोठ्या फळीत खाच घेतो आणि नंतर तुकडे कापतो. बिट बदलताना वायर बोर्डातून काढायची; यात सवलत नाही. बिटची दांडी पूर्ण आत घालून २-३ मिलिमीटर मागे घ्यायची आणि मगच आवळायची. तोंडाला मास्कही हवाच. कर्करोगावर संशोधन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने १९९५ मध्ये लाकडाच्या धुळीला माणसात कर्करोग निर्माण करणाऱ्या पदार्थांत धरले आहे. उन्हाळ्यात मास्क नकोसा होतो, मुले तो हनुवटीवर ओढतात. तेव्हा यंत्र बंद करून मी नुसता उभा राहतो.

दुसरी चूक मापाची होती. पेट्या कोरड्या हवेत, हिवाळ्यात बनल्या. लाकूड लांबीत जवळजवळ वाढत नाही, पण रेषांच्या आडव्या दिशेने ते ओल शोषून फुगते. आमची झाकणे खाचेच्या तळाला टेकेपर्यंत रुंद होती. जुलैत त्यांना फुगायला जागा उरली नाही. आता दोन्ही बाजूंना १-१ मिलिमीटर मोकळे सोडतो आणि झाकणाची कड रंध्याने ४ मिलिमीटरपेक्षा किंचित पातळ करतो. प्रत्येक नव्या फळीवर काम सुरू करण्याआधी त्याच लाकडाच्या तुकड्यात खाच पाडून झाकण सरकवून पाहतो. हे मी पहिल्या दिवशीच शिकवायला हवे होते.

परत आलेल्या पेट्या दुरुस्त करून पाठवल्या आहेत. आपल्याकडची पेटी अजून अडत असेल तर जोर लावू नका. काही दिवस ती कोरड्या जागी ठेवा. उन्हात मात्र नको, फळी वाकेल. झाकण निघाले की खाचेत मेणबत्तीचा तुकडा दोन-तीनदा घासा. तेल लावू नका, त्यावर धूळ बसते. आम्हीही प्रत्येक पेटीला शेवटी मेणच लावतो, आणि त्यासाठी चर्चमध्ये उरलेले मेणबत्त्यांचे तुकडे पुरतात.